मोऱ्याच्या खांद्यावरच्या गाद्या

चांगदेवाच्या मोऱ्या बैलाचा खांदा आला होता. जू घासून घासून तिथलं कातडं लालभडक झालं होतं, आणि जुंपायला नेला की मोऱ्या मान वळवून मालकाकडे असा बघायचा की चांगदेवाच्याच खांद्यात कळ यायची. त्याने हळद लावून पाहिली, तेल लावून पाहिलं, लोणी चोळून पाहिलं. शेवटी त्याने बायकोला सांगितलं, जुवाखाली घालायला एक मऊ, बारकी गादी शिवून दे, आणि दोन्ही टोकांना बंद लाव म्हणजे बांधता येईल. बयाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "देते." दोन दिवसांनी त्याने पुन्हा सांगितलं, तेव्हा ती मिरच्या खुडत होती. तेव्हाही ती म्हणाली, "देते." माघ अर्धा सरला तरी गादीचा पत्ता नव्हता.

बयाबाईला मोऱ्याबद्दल माया नव्हती असं नाही. पण तिच्या डोक्यात त्या दिवसांत एकच गोष्ट घोळत होती, ती म्हणजे शीलाची परीक्षा. शीला सातवीत होती. जुन्नरला शिष्यवृत्तीची परीक्षा व्हायची, एका दिवसाची. ती मिळाली तर पुढे जुन्नरच्या हायस्कुलात शिकायचं, मावशीकडे राहायचं. चांगदेवाने तेवढं कबूल केलं होतं. नाही मिळाली, किंवा परीक्षेला बसणंच झालं नाही, तर मात्र मे महिन्यात मामाच्या मुलाशी बोलणी करायची हेही ठरलेलं होतं. मामाच्या मुलात वाईट काही नव्हतं. फक्त तो अजून आईच्या हातून जेवायचा.

आणि नेमकी परीक्षेच्या आसपास शीलाची अडचणीची तारीख येत होती.

तिला न्हाण येऊन चारच महिने झाले होते. त्या काळी निमगाव सावाच्या मुली त्या दिवसांत शाळेत जात नसत. घरातही कुठे शिवत नसत. गोठ्याच्या पडवीत घोंगडीवर बसायचं, ताट वाटी वेगळी, आणि कपडा म्हणजे आईच्या विटक्या लुगड्याचा तुकडा. तो चुकून कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून अंधारात, कुठे तरी कणगीमागे वाळवायचा. त्या कपड्यावर भिस्त ठेवून जुन्नरपर्यंत बैलगाडीने जायचं आणि तीन तास बाकावर बसायचं, हे कुठल्याच मुलीला जमणारं नव्हतं. म्हणून सातवीनंतर मुली शाळेतून गळायच्या. पुरुष म्हणायचे, पोरींचं डोकं अभ्यासात चालत नाही. बायका काही म्हणायच्या नाहीत.

पण त्या वर्षापासून गावात हसीना नर्सबाई यायला लागली होती. जुन्नरच्या दस्तगीर पिंजाऱ्याची ही मुलगी पुण्याला सुईणपणाचं शिक्षण घेऊन आली होती आणि पंधरा दिवसांतून एकदा निमगावात यायची. बयाबाईच्या ओसरीवर तिची बॅग उघडली की गावातल्या बायका एकेक करून गोळा व्हायच्या. कुणाला चौथा महिना असायचा, कुणाच्या अंगावरचं जाणं थांबत नसायचं, कुणाला आता पुरे झाली पोरं म्हणून काही विचारायचं असायचं. घरी मात्र सगळ्यांनी एकच कारण सांगितलेलं, डोकं दुखतं. त्यामुळे पंचायतीतले थोरले गेणभाऊ यांनी एकदा भर सभेत शंका काढली होती की गावच्या विहिरीच्या पाण्यात काही दोष आहे, कारण बायकांची डोकी दुखतात आणि पुरुषांची दुखत नाहीत.

हसीनाने शीलासाठी मांजरपाटाच्या छोट्या गाद्या शिवून दिल्या. आत तिच्या बापाने पिंजलेला कापूस, इतका हलका की फुंकर मारली तर उडावा. वरून जाळीचं कापड, दोन्ही टोकांना लांब बंद. कापूस बदलायचा, वरचं कापड उकळून उन्हात वाळवायचं. "उन्हातच," तिने बयाबाईला बजावलं होतं, "लाज वाटली तर वर पातळ टाक, पण उन्हात." बयाबाईने त्या सगळ्या गाद्या एका पिशवीत घातल्या आणि पिशवी गोठ्याच्या पडवीत खुंटीला अडकवली. तसल्या वस्तू घरात ठेवायच्या नसत, आणि शीलाची ती जागाच गोठ्यात होती, हे उघड होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी चांगदेव गाडीचं सामान काढायला गोठ्यात गेला. खुंटीवरची पिशवी त्याच्या डोक्याला लागली. त्याने ती उतरवली, आत हात घातला आणि तो तिथेच उकिडवा बसला.

मऊ, बारक्या गाद्या होत्या त्या. दोन्ही टोकांना बंद. आणि एक सोडून पिशवीभर.

त्या काळचा पुरुष जन्म काढायचा, चार पोरींचा बाप व्हायचा, तरी असली वस्तू त्याच्या दृष्टीला पडत नसे. चांगदेवाने बायकोला एक गादी मागितली होती आणि त्याच्या पुढ्यात ढीग पडला होता. दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. बाईने तोंडाने नुसतं देते देते म्हणायचं आणि मागच्या मागे रात्री जागून एवढं शिवून ठेवायचं, शिवाय वर सांगायचंही नाही. त्याला भरून आलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि आपण बायकोला ओळखलंच नाही असं त्याला वाटलं.

त्याने दोन गाद्या मोऱ्याच्या खांद्याला बांधून पाहिल्या. मोऱ्याने मान हलवली, कान पाडले आणि डोळे मिटले. मग जोडीचा पाखऱ्या रुसायला नको म्हणून दोन त्यालाही. उरलेल्या खांद्यावर टाकून तो थेट चावडीवर गेला. रिकामी पिशवी मजबूत होती, तिच्यात त्याने वाटेत बैलांना घालायला पेंड भरली आणि ती होती तिथे अडकवून ठेवली. चांगदेव टापटिपीचा माणूस होता.

चावडीवर त्या संध्याकाळी जे झालं ते निमगावातले पुरुष पुढे बरेच दिवस विसरायचा प्रयत्न करत होते. चांगदेवाने गाद्या मांडल्या. "आमच्या घरातनं शिवलं," तो म्हणाला. गेणभाऊंनी एक उचलली, दाबून पाहिली, बंद ओढून पाहिले, मग गालाला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "सशाचं पिल्लू जनू." मग प्रत्येकाने गालाला लावून पाहिली. कुंडलिकने एक मागून घेतली, त्याच्या बैलालाही जू लागत होतं. धर्माजीने दोन नेल्या. बाकीच्याही हातोहात गेल्या. एक गेणभाऊंनी स्वतःच्या बंडीच्या खिशात घातली आणि जाहीर केलं की आपण उद्या चांगदेवाच्याच गाडीतून जुन्नरला येणार, आणि ही वस्तू गुरांच्या डॉक्टरला दाखवणार. सरकार नांगर वाटतं, बियाणं वाटतं, मग बैलाच्या खांद्याचा विचार कुणी करायचा?

धर्माजीच्या बायकोने त्या रात्री गोठ्यात दिवा नेला, बैलाच्या मानेवर काय बांधलंय ते पाहिलं आणि दिवा फुंकून तिथेच वैरणीत बसून पदर तोंडात कोंबला. नवऱ्याला सांगायचं तर शब्द कुठून आणायचे हा प्रश्न होता. आणि बयाबाईकडे जावं तर एवढ्या रात्री घराबाहेर पडायचं कसं, आणि गाडी तर पहाटेच निघणार होती.

गाडी निघाली तेव्हा आभाळात पहाटेची चांदणी होती आणि गारठा मरणाचा. बयाबाईने अंधारात खुंटीवरची पिशवी चाचपली, भरलेली लागली, ती गाठोड्यात घातली. गेणभाऊ पुढे चांगदेवाशेजारी बसले. मागे वैरणीवर मायलेकी, अंगावर एकच गोधडी. गेणभाऊ बोलायला बसले की ते ऐकायला माणूस लागायचा असं नाही. मुलींनी कशाला परीक्षा द्यावी इथपासून त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या मते पोरीला त्रैराशिक शिकवून काही उपयोग नव्हता, कारण तवा तापला की नाही हे त्रैराशिकाने कळत नाही. सोवळ्याओवळ्यालाही ते कडक. एकदा वाटेत कुणाची सावली पडली म्हणून त्यांनी पागोट्यासकट आंघोळ केली होती, ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे.

नारायणगाव मागे पडलं, ऊन वर आलं, आणि शीलाने आईची बांगडी ओढली. बयाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने मुलीच्या मांडीवर थोपटलं, काही घाबरू नको या अर्थाने, आणि गाठोडं सोडून पिशवी काढली. तोंड उघडलं. आत हात घातला.

मूठभर शेंगदाण्याची पेंड हातात आली.

तिने पिशवी पार तळापर्यंत धुंडाळली. पेंडच होती. चांगल्या प्रतीची. ती पिशवीकडे बघत राहिली, मग तिने सहज मान वर केली, आणि गेणभाऊंच्या पागोट्याच्या आणि चांगदेवाच्या टोपीच्या मधून तिला मोऱ्याची मान दिसली. जुवाखालून मांजरपाटाची पांढरी कड डोकावत होती. हळदीने पिवळी झालेली. शेजारी पाखऱ्याच्या मानेवरही तसंच. बंदांची टोकं वाऱ्यावर हलत होती.

बयाबाईने लेकीचं तोंड धरून दुसरीकडे वळवलं. पण शीलाने पाहिलं होतं. तिला आधी रडू आलं आणि मग, तेरा वर्षांच्या मुलीला जसं होतं तसं, हसू. ती गोधडीत तोंड खुपसून गदगदायला लागली. पुढून गेणभाऊ म्हणाले, "थंडी वाजतीया वाटतं पोरीला."

पुढच्या ओढ्यावर बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली. गेणभाऊ तोंड धुवायला खाली उतरून गेले. बयाबाईने शीलाला वैरणीतच बसवून ठेवलं, तिच्याभोवती गोधडी लपेटली, स्वतः उतरली आणि नवऱ्याजवळ गेली. पंधरा वर्षांत जी गोष्ट या दोघांमध्ये एकदाही उच्चारली गेली नव्हती, ती आता गेणभाऊ तोंड धुऊन यायच्या आत बोलायची होती.

चांगदेव मोऱ्याच्या खांद्यावरून हात फिरवत होता. बायकोला पाहून तो हसला. रस्ताभर ज्यासाठी संधी शोधत होता ते तो आता बोलला. "मी म्हनत न्हाई कधी," तो म्हणाला, "पर तुझ्यावानी बाई..."

"अवं, त्या गाद्या बैलाच्या न्हाईत," बयाबाई म्हणाली.

"मंग कुनाच्या?"

"आपल्या शीलाच्या."

चांगदेवाने वैरणीत बसलेल्या मुलीकडे काळजीने पाहिलं. "तिला बी खांदा आलाय?"

बयाबाईने डोळे मिटले. मग तिने ते सांगितलं. चार पाच शब्दांतच सांगितलं, जमिनीकडे बघून, आणि त्यातही गोठ्याच्या पडवीचं नाव घेतलं, हसीनाचं घेतलं, तिथे थांबली. चांगदेवाला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उतरताना दिसायला लागली. आधी गाद्या. मग चावडी. मग कुंडलिक आणि धर्माजी. मग गेणभाऊंचा गाल. तो हळूच चाकाला टेकून खाली बसला.

"किती जनांनी गालाला लावली, ठावं हाय का तुला," तो म्हणाला.

बयाबाईने सांगितलं की त्याचा विचार मागाहून करा. कोऱ्या होत्या, कुणाला काही झालेलं नाही. आता प्रश्न असा आहे की पोरगी अशा स्थितीत परीक्षेला बसू शकत नाही, तिला सोडून मला हलता येत नाही, आणि गाडीत सोबत बसलेल्या माणसाला हे कळलं तर तो गाडी इथूनच माघारी फिरवेल आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला आंघोळ घालेल. जुन्नरला पोचल्याबरोबर तुम्ही हसीनाकडे जा. तिला नुसतं माझं नाव सांगा, ती समजेल.

चांगदेवाने मुलीकडे पाहिलं. गोधडीतून तिचे दोन डोळे आणि हातातली पाटी तेवढी दिसत होती. ती ओठांनी पुटपुटत पाढे म्हणत होती. "जातो," तो म्हणाला.

त्याने उठून आधी मोऱ्याच्या मानेवरचे बंद सोडायला घेतले. तेवढ्यात गेणभाऊ आले आणि त्यांनी त्याचा हात धरला. निम्मी वाट अजून राहिलीय, बैलाला काय म्हणून त्रास देतोस, आणि जुन्नरच्या लोकांना दिसू दे की. चांगदेवाने सोडले, गेणभाऊंनी पुन्हा बांधले. वर गाठ अशी मारली की ती सुटायला सुरी लागावी.

गाडी जुन्नरच्या पेठेतून गेली ते चांगदेव आयुष्यभर विसरला नाही. गेणभाऊ दोन्ही हातांनी दाखवत होते. ओळखीचा दिसला की गाडी थांबवायची, उतरायचं, मोऱ्याची मान दाखवायची. भांड्यांच्या दुकानातले दोघे येऊन बघून गेले. एक म्हातारा मास्तर चष्मा लावून बघून गेला आणि कल्पना चांगली आहे म्हणाला. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांपैकी एकीने मात्र नुसतं पाहिलं, दुसरीला कोपर मारलं, आणि गाडी पुढे गेल्यावर मागे हंडा आपटल्याचा आवाज आला. चांगदेव मान खाली घालून बैलांच्या शेपट्यांकडे बघत होता.

शाळेच्या आवारात चिंचेखाली गाडी सोडून तो जवळजवळ पळतच प्रसूतिगृहाकडे गेला. गेणभाऊ सोबत. त्यांना वाटलं हा गुरांच्या डॉक्टरकडेच चाललाय. प्रसूतिगृहाच्या पायरीवर झाडणारी बाई होती. तिने सांगितलं, हसीनाबाई सकाळीच एका अडलेल्या बाळंतिणीसाठी पारगावकडे गेल्यात, कधी येतील सांगता येत नाही.

"इथं कशाला आलास रं?" गेणभाऊंनी विचारलं.

"त्या... कापूस त्यांच्या बापाचा हाय," चांगदेव म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याच्या तोंडून खरंच आलं. "आनखी गाद्या घ्यायच्यात."

गेणभाऊंना हे पटलं. गावासाठी म्हणून त्यांनाही घ्यायच्याच होत्या.

दस्तगीर पिंजाऱ्याचं दुकान बोळात होतं. तो आत कापसाच्या ढिगात बसून पिंजायची धनुकली वाजवत होता. तार घुमत होती आणि त्याच्या भुवयांवर, दाढीवर, टोपीवर कापूस बसलेला होता. मागे दाराला पडदा, आणि पडद्यामागे घर. चांगदेव उंबऱ्यापाशी थांबला. शाळेची पहिली घंटा झाल्याचं इथवर ऐकू आलं. दुसरी झाली की दार लावायचे.

"गाद्या पाह्यजेल व्हत्या," तो म्हणाला. "बैलाच्या."

"बैलाच्या मी करत न्हाई, पावणं," दस्तगीर म्हणाला. "मानसाच्या करतो. गादी, उशी, दुलई. बैलाची ऐकली न्हाई कधी."

"ऐकाल कशी," गेणभाऊ पुढे झाले, "ही नवी सुधारना हाय." आणि बंडीच्या खिशातून त्यांनी ती गादी काढून दस्तगीरच्या पुढ्यात धरली. ती कशी बांधायची, जुवाखाली कुठे बसते, बैलाला कसा आराम पडतो, हे सगळं त्यांनी सांगितलं. ती कशी मऊ आहे हे दाखवायला पुन्हा एकदा गालाला लावली.

दस्तगीरने तार सोडली. ती घुमत घुमत थांबली. त्याने गादी हातात घेतली, कडेने बोट फिरवलं, चिमटीत कापूस दाबला. आपला कापूस आणि आपल्या मुलीचा टाका ओळखायला त्याला वेळ लागला नाही. त्याने गेणभाऊंकडे पाहिलं, मग चांगदेवाकडे. चांगदेवाचे कान टोकापर्यंत लाल झाले होते आणि तो बोटांनी टोपीची कड कुरतडत होता. दस्तगीरने मागे वळून बायकोला नुसती हाक दिली, "आमिना, जरा इकडं बघ."

पडदा किंचित हलला. दस्तगीरने गादी मागे सरकवली. मग आमिनाचा आवाज आला, अगदी साधा, गाद्या न्यायला येणाऱ्या दहा बायकांना रोज विचारते तसा.

"वय काय?"

"चार वर्सं," गेणभाऊ म्हणाले.

"तेरा," चांगदेव म्हणाला.

दोघे एकदमच बोलले होते. गेणभाऊ त्याच्याकडे वळले. "तेरा? तेरा वर्साचा बैल कुठला रं तुझ्याकडं? मोऱ्या तर आत्ता कुठं..."

आणि मग ते थांबले. निमगावात कुणी गेणभाऊंना वाक्याच्या मध्यात थांबलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी चांगदेवाचे कान पाहिले. पडदा पाहिला. प्रसूतिगृहाची पायरी त्यांना आठवली असावी, आणि गाडीत गोधडीत बसलेली पोरगी. त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून खाली आला.

आमिनाने पडद्याआडून वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं पुढे केलं. "सगळं आत हाय," ती म्हणाली, "आईला म्हनावं, कमरेची नाडी घट्ट नको. आन् वाळवायचं उन्हात." चांगदेवाने पुडकं छातीशी धरलं. आता गेणभाऊ काय करतील हे त्याला ठाऊक होतं. ते शाळेत जातील, हेडमास्तरांना सांगतील, पोरीला बाकावरून उठवतील. आपण त्यांच्या आधी पोचलं पाहिजे, एवढंच त्याला सुचलं. तो वळला आणि बोळातून पळत सुटला. भांड्यांच्या दुकानातल्या दोघांनी विचारलं, काय झालं, बैल उधळला का? तो थांबला नाही.

चिंचेखाली बयाबाई उभीच होती. तिने पुडकं घेतलं, गोधडीसकट शीलाला उतरवलं आणि शाळेच्या शिपायाच्या बायकोच्या खोलीकडे नेलं. त्या बाईने एका नजरेत ओळखलं, काही न विचारता दार उघडलं आणि स्वतः बाहेर राखण करत उभी राहिली. दुसरी घंटा व्हायच्या बेतात असताना शीला बाहेर आली. परकर झटकला, पाटी बापाच्या हातात दिली, कारण आत पाटी चालत नव्हती, आणि दौत टाक घेऊन ताठ चालत वर्गात गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. दार लागलं.

चांगदेव गाडीच्या दांडीवर बसला.

"त्यास्नी कळलं," तो म्हणाला.

बयाबाईने तोंडावर हात नेला. मग ती पुढे झाली आणि शाळेच्या फाटकाकडे तोंड करून अशी उभी राहिली की वर्गाकडे जायचं तर तिच्या अंगावरूनच जावं लागावं. मोठ्या माणसांसमोर ती कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. आज तो खांद्यावर आला होता आणि तिच्या लक्षातही नव्हता.

बऱ्याच वेळाने गेणभाऊ आले. हळूहळू, भिंतीच्या कडेकडेने. त्यांनी पेठेत कुणाला थांबवलं नव्हतं. उपरणं खांद्यावर नव्हतं, ते त्यांनी काही तरी गुंडाळून काखेत धरलं होतं. बयाबाईकडे न बघता ते तिला वळसा घालून गाडीकडे गेले, मोऱ्याजवळ उभे राहिले, खिशातून सुपारी कातरायचा अडकित्ता काढला आणि स्वतःच मारलेली गाठ कापून चारी गाद्या सोडल्या. त्या त्यांनी नीट वैरणीखाली सारल्या. मग सावलीत बसले. काखेतलं गाठोडं मांडीवर घेतलं. उपरण्याच्या फटीतून वर्तमानपत्राचा कोपरा दिसत होता, आणि पुडकी एकाहून जास्त होती.

पाखऱ्या रवंथ करत होता.

बयाबाई गेणभाऊंशी कधी तोंडावर बोललेली नव्हती. काही विचारायचं असलं तर नवऱ्याकडून विचारायची. आता मात्र ती वळली आणि सरळ त्यांच्याशीच बोलली.

"भाऊ, तुमी तर दिवाळीलाच दोन्ही बैल इकलं. गोठ्यात नुस्त्या शेळ्या हायेत. मंग ह्या एवढ्या कुनाला?"

गेणभाऊंनी चिंचेच्या शेंड्याकडे पाहिलं, मग मोऱ्याकडे, मग स्वतःच्या जोड्यांकडे. त्यांचे गाल दाढीखाली लाल झाले होते.

"सुना हायेत की," ते म्हणाले. "तीन."

चांगदेव खोकला. त्याला वाटलं काही तरी बोलावं, निदान विचारावं की गुरांच्या डॉक्टरकडे जायचं राहिलं का. त्याने तोंड उघडलं. गेणभाऊंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि शाळेच्या बंद दाराकडे बघून विचारलं, "आत लिवतीया न्हवं पोरगी?"

"लिवतीया."

"मंग गप बस जरा," गेणभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "तिचं ध्यान जाईल."